‘व्हिडिओ करून आणा’ म्हटल्याने स्वयंअध्ययन होत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम २०२३-२४ पासून सुरू झाला. त्यातल्या कौशल्यवृद्धीच्या गटात ध्वनिमुद्रण, छायाचित्रण, व्हिडिओ, पोस्टर असे काहीतरी मुलांनी स्वतः घडवावे, अशी अपेक्षा असलेले विषय पहिल्याच वर्षी घेता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात या गटाला तीन वर्षांत ९ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास. ३ श्रेयांकांच्या विषयात एक तासिकेचा आणि दोन प्रात्यक्षिकाचे अशी विभागणी धरली, तर १५ आणि ६० मिळून ७५ तास हाती येतात. काहीही न येणाऱ्या मुलाला दोन मिनिटांचे स्वच्छ, ऐकण्यासारखे, बघण्यासारखे काम स्वतःच्या हाताने करता यावे, एवढा वेळ यात नक्की आहे.

तो वेळ दोन तऱ्हांनी वाया जाताना दिसतो. एक तऱ्हा जुनीच. प्रोजेक्टर लावून सॉफ्टवेअरचा एकेक मेनू उघडून दाखवायचा, मुलांनी वहीत उतरवून घ्यायचे आणि परीक्षेत ‘क्रॉप टूलचा उपयोग लिहा’ असा दोन गुणांचा प्रश्न घालायचा. दुसरी तऱ्हा नवी आणि जास्त घातक, कारण तिला नाव चांगले मिळाले आहे. ‘यूट्यूबवर सगळे आहे, बघा आणि शेवटच्या आठवड्यात गटागटाने व्हिडिओ करून आणा.’ याला स्वयंअध्ययन म्हटले जाते. प्रत्यक्षात गटात ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, ज्याचा कोणी नातलग लग्नाच्या शूटिंगचे काम करतो, तो सगळे उरकतो आणि बाकीच्यांची नावे शेवटच्या पाटीवर झळकतात. ज्याला आधीपासून येत होते तो तिथेच राहतो, ज्याला येत नव्हते तोही तिथेच राहतो.

अमेरिकी प्रौढशिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७५ साली स्वयंअध्ययनाची मांडणी केली, तेव्हाच त्याच्या पायऱ्या सांगितल्या होत्या: आपल्याला काय येत नाही ते ओळखणे, काय साधायचे ते ठरवणे, त्यासाठी साधने आणि माणसे शोधणे, रीत निवडून कामाला लागणे आणि झालेले काम स्वतः तपासणे. बारावी ओलांडून आलेल्या मुलासाठी यातले बहुतेक सगळे तोवर शाळेने, शिकवणीने आणि पाठ्यपुस्तकाने करून ठेवलेले असते. जेराल्ड ग्रो यांनी १९९१ मध्ये शिकणाऱ्याचे चार टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यावर तो शिक्षकावर अवलंबून असतो, मग त्याला रस वाटू लागतो, मग तो कामात गुंततो आणि चौथ्या टप्प्यावर स्वतःचा स्वतः चालू लागतो. विद्यार्थी पहिल्या टप्प्यावर असताना शिक्षक त्याच्याशी चौथ्या टप्प्यासारखा वागला की बिघडते, हे त्यांचे म्हणणे. ‘व्हिडिओ करून आणा’ या वाक्यात नेमके तेच घडते. खऱ्या स्वयंअध्ययनात शिक्षकाचे काम कमी होत नाही. व्याख्यानात जाणारी मेहनत काम आखण्यात, ते तोलून देण्यात आणि वेळेवर तपासण्यात घालावी लागते.

सुरुवात एका कागदावरच्या कराराने करावी. नोल्स यांनीच ही युक्ती सुचवली होती आणि ती आपल्याकडेही चालते. कागदावर पाच ओळी: काय करणार, त्यासाठी काय येत नाही, ते कुठून शिकणार, काम झाल्याचा पुरावा काय देणार आणि कोणत्या तारखेला. खाली विद्यार्थ्याची आणि शिक्षकाची सही. पहिल्या खेपेला पहिल्या ओळीत हमखास ‘गोव्याची संस्कृती’ किंवा ‘पर्यावरण’ असे काहीतरी येते. शिक्षकाचे खरे काम इथे असते. गोव्याची संस्कृती म्हणजे काय? चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. चवथीतले काय? गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी. माटोळीतले काय? सुपारीचे शिपटे, म्हणजे घोस. ते कोणाच्या कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) आले, कोणी उतरवले, किती दिवस आधी, बाजारात कितीला गेले? इथवर आले की ९० सेकंदांचे काम समोर दिसू लागते. मग दुसरी ओळही नेमकी होते. ‘एडिटिंग येत नाही’ या उत्तराला काही अर्थ नाही. ‘गर्दीत एकाच माणसाचा आवाज कसा घ्यायचा ते येत नाही’ हे शिकता येण्याजोगे उत्तर आहे. चौथी ओळ शिक्षकाने सैल सोडू नये. पुरावा म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, प्रोजेक्ट फाइल आणि तयार फाइल अशा तिन्ही गोष्टी. तिसऱ्या आठवड्यात मुले ऑडॅसिटी या आवाजाच्या काटछाटीच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल देऊन ‘सर, काम जमा केले’ म्हणतात आणि निर्यात केलेली एमपी३ कुठेच नसते. दोहोंतला फरक एकदा फळ्यावर सांगून लक्षात राहत नाही, एकदा काम परत गेले की राहतो.

पहिले चार आठवडे फक्त आवाजाचे असावेत, असे आमचे ठाम मत आहे. कॅमेरा हातात आला की मुले दिसण्याकडे वळतात आणि ऐकायचे राहून जाते. आवाजाच्या फाइली लहान असतात, जुना मोबाइलही पुरतो, चेहरा दाखवायचा संकोच आड येत नाही आणि चूक लगेच कानाला कळते. शिवाय वाईट चित्र लोक सहन करतात, वाईट आवाज करत नाहीत.

पहिला आठवडा: प्रत्येकाने एकट्याने ६० सेकंदांचे एकच रेकॉर्डिंग आणायचे, काटछाट न करता. सकाळी पावाच्या सायकलीचा भोंगा, फेरीबोटीचा फलाट खाली येतानाचा खडखडाट, घरात खोबरे खवणे, काहीही. आणल्यावर वर्गात डोळे मिटून ऐकायचे आणि बाकीच्यांनी काय काय ऐकू आले ते लिहायचे. भोंगा आणायला गेलेल्याला कळते की आपण पंखा, कुत्रा आणि आपल्याच बोटांची खसखस घेऊन आलो. या एका तासात मुले जे शिकतात ते ध्वनीच्या व्याख्यानांतून येत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून नियम लावायचे. मोबाइल एअरप्लेन मोडवर, नाहीतर मुलाखतीच्या ऐन मध्यावर फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटते. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत. ओढणी, साखळी, मंगळसूत्र त्यावर घासत नाही ना, हे बघायचे. बोलणे सुरू व्हायच्या आधी त्या जागेची ३० सेकंदांची शांतता वेगळी रेकॉर्ड करायची. पुढे काटछाटीच्या जागा बुजवायला तीच उपयोगी पडते. आवाजाची पातळी वरच्या टोकाला उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहावी. शून्याला टेकली की लहरींचे माथे सपाट कापले जातात आणि कापलेले परत आणता येत नाही. हळू आलेला आवाज वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. घुमट या गोव्याच्या मातीच्या चर्मवाद्यावर हे सगळ्यात चांगले समजते. मोबाइल हातभर अंतरावर ठेवून घुमट वाजवला की पहिल्या थापेलाच लहर कापली जाते. दीड-दोन मीटर मागे जाऊन, घुमटाच्या तोंडासमोर न धरता थोडे बाजूला धरले की थाप आणि घुमारा दोन्ही सुटे ऐकू येतात.

माइकच्या पिनेत मुले हमखास फसतात. मोबाइलला लागणाऱ्या पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. दोन पट्ट्यांची पिन मोबाइलला लावली तर बहुतेक वेळा मोबाइल तिची दखलच घेत नाही आणि स्वतःच्या माइकने रेकॉर्ड करत राहतो. वर कुठलीही सूचना येत नाही. मुलगा घरी जाऊन ऐकतो तेव्हा समोरच्या माणसाऐवजी त्याचाच श्वास मोठा येतो. उपाय सोपा आहे: रेकॉर्डिंग चालू करून माइकवर नखाने दोनदा टिचकी मारायची, मग मोबाइलवर मारायची, थांबवून हेडफोनने ऐकायचे. कोणती टिचकी मोठी आली त्यावरून कळते. ज्या मोबाइलला गोल जॅक नाही, त्याला यूएसबी-सीचा जोड लागतो. ब्लूटूथ इअरफोनने मुलाखत घेऊ देऊ नये, त्याच्या माइकचा आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा चेपलेला येतो.

आपले पहिले सत्र पावसातले. कौलांवर आणि पत्र्यावर पडणारा पाऊस संगणकावर काढून टाकता येईल, अशी मुलांची समजूत असते. ऑडॅसिटीतली नॉइज रिडक्शनची सोय पंख्यासारख्या एकसुरी आवाजावर चालते, कारण शांततेच्या तुकड्यावरून ती त्या आवाजाचा नमुना घेते. पावसाचा आवाज सारखा बदलत असतो, म्हणून तो जात नाही. १२ डेसिबलच्या पुढे ओढले तर बोलणारा माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलतोय असे वाटते. पावसात घराच्या आतल्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाजवळ किंवा गादीच्या आडोशाला रेकॉर्ड करावे आणि पाऊस हवाच असेल तर तो वेगळा रेकॉर्ड करून खाली मंद लावावा. हे मुलांनी स्वतः करून, बिघडवून, पुन्हा करून शिकायचे आहे. शिक्षकाने फक्त दुसरी खेप होईल एवढा वेळ वेळापत्रकात ठेवायचा.

निवेदनाच्या भाषेबद्दल थोडे. आपल्याकडे पुष्कळ मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठी किंवा कोंकणीतून होते आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी होते. त्यामुळे ती घरी सुरेख बोलतात, पण मराठी लिहायला बसली की निबंधाची भाषा येते: ‘सदर वस्तूस अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ अशा वेळी आधी लिहू देऊच नये. मित्राला सांगितल्यासारखे दोन मिनिटे बोलून रेकॉर्ड करायचे, ते ऐकून कागदावर उतरवायचे, मग छाटायचे. मराठी निवेदन मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्दांच्या गतीने बरे वाटते, म्हणजे ३० सेकंदांना ५०-६० शब्द. मुलाखत देणारा कोंकणीत बोलत असेल तर त्याला मराठीत बोलायला लावू नये. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावे आणि खाली मराठी उपशीर्षके द्यावीत.

लिहिलेले तपासायची सवयही इथेच लावता येते. घुमटाला २०१९ मध्ये गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे मुले तो विषय आवडीने घेतात आणि ‘घुमटाला घोरपडीचे कातडे लावतात’ असे वाक्य कुठूनतरी उचलतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे आणि आता बकऱ्याचे कातडे वापरले जाते. हे कारागिराला विचारले असते तर एका प्रश्नात कळले असते. म्हणून करारात ‘कुठून शिकणार’ या ओळीत निदान एक जिवंत माणूस असलाच पाहिजे.

पाचव्या आठवड्यात चित्र. इथे आधी स्थिर छायाचित्रे, मग व्हिडिओ. कुंभाराच्या चाकासमोर उभे राहून पाच शॉट घ्यायला सांगावे: हात जवळून, चेहरा जवळून, पूर्ण माणूस जागेसकट, त्याच्या खांद्यावरून त्याला जे दिसते ते आणि एक स्वतःला सुचेल तो. प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलता. कॅमेरा हलवायची मुभा सहाव्या शॉटपासून. तिवई नसेल तर तांदळाची पाच किलोची पिशवी स्टुलावर ठेवून मोबाइल तिच्यात रुतवावा, हलत नाही.

ट्यूबलाइटखाली व्हिडिओत सरकणारे काळे पट्टे येतात, त्याला मोबाइल खराब असल्याचे कारण दिले जाते. कारण वेगळे आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा तेज-मंद होतो. मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (सगळे हाताने ठरवायच्या सोयीत) जाऊन शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून टाकले की बहुतेक ठिकाणी पट्टे जातात. ज्या मोबाइलमध्ये ती सोय नाही, तिथे खिडकीशी बसवावे आणि दुसऱ्या बाजूने थर्माकोलचा पांढरा तुकडा धरावा. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड बंदिस्त करायला विसरू नये, नाहीतर पांढऱ्या सदऱ्याचा माणूस मधून गेला की सगळे चित्र काळे पडते. जुलै-ऑगस्टमध्ये एसी लावलेल्या प्रयोगशाळेतून कॅमेरा तडक बाहेर नेला तर काचेवर वाफ धरते. पिशवीत बंद ठेवूनच बाहेर न्यावा आणि १५-२० मिनिटांनी काढावा. कॅमेऱ्याच्या डब्यात सिलिका जेल ठेवून दर महिन्याला बदलले नाही तर आपल्या हवेत भिंगावर बुरशी बसते आणि ती पुसून जात नाही.

४के मध्ये चित्रण करू देऊ नये. साध्या १०८०पी चित्रणाला मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात, ४के ला साडेतीनशेच्या आसपास. गटाने २० मिनिटे चित्रण केले की एकात अडीच जीबी, दुसऱ्यात सात. महाविद्यालयातला चार जीबी रॅमचा संगणक ते उचलतच नाही. शिवाय नवे मोबाइल एचईव्हीसी या पद्धतीने फाइल साठवतात आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर नुसता आवाज येतो, चित्र काळे. मोबाइलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एच.२६४ ही जुनी पद्धत निवडून ठेवावी, जागा जास्त लागते पण फाइल सगळीकडे उघडते.

इथून पुढे ज्या कारणांनी काम बुडते, त्यांचा कलेशी काही संबंध नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल चेपली जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. बाजारातून आणलेला पेनड्राइव्ह पुष्कळदा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, त्यावर चार जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. रिकामा असतानाच तो एक्सफॅट करून घ्यावा. एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल चित्रण स्वतःत ठेवत नाही, ते कुठे आहे त्याचा फक्त पत्ता ठेवते. पेनड्राइव्हवरून थेट टाइमलाइनवर ओढले आणि पेनड्राइव्ह घरी नेला की दुसऱ्या दिवशी सगळे तुकडे लाल, म्हणजे मूळ फाइल सापडत नाही. म्हणून पहिल्या दिवशी एकच फोल्डर करायचे, त्यात चित्रण, आवाज, संगीत, शीर्षके, प्रोजेक्ट, तयार अशी सहा उपफोल्डरे, सगळे आधी आत कॉपी करायचे आणि मगच केडेनलाइव्ह किंवा शॉटकट हे एडिटिंगचे सॉफ्टवेअर उघडायचे. फाइलींची नावे रोमन लिपीत, मोकळी जागा न ठेवता, तारीख वर्षापासून सुरू करून. हलक्या संगणकावर प्रॉक्सी चालू करावी, म्हणजे काम लहान प्रतींवर होते आणि निर्यात मूळ फाइलींवरून. वीज जाते हे गृहीत धरून दर पाच मिनिटांची आपोआप साठवण चालू ठेवावी.

आवाज आणि ओठ सुरुवातीला जुळतात आणि दीड मिनिटाने सुटतात, ही तक्रार प्रत्येक तुकडीत येते. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमची गती कमी-जास्त करत असतो आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअर ती स्थिर धरून चालतात. चित्रण आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर गतीवर काढून घेतले की दुखणे जाते. शिक्षकाने हे उत्तर पहिल्या दिवशी सांगून टाकू नये. पण दोन दिवस अडकूनही गटाला सापडले नाही तर तिसऱ्या दिवशी सांगावे. धडपड किती दिवसांची असावी हे शिक्षकाला ठरवता आले पाहिजे. आठवडाभर एकाच ठिकाणी अडकलेला गट विषय सोडून देतो.

मराठी अक्षरांचे हाल पाहवत नाहीत. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द गोव्यातल्या कुठल्याही व्हिडिओत येणारच आणि तो पडद्यावर ‘किनार्यावर’ असा येतो. र, हलन्त आणि य असे टंकले की र वर चढतो, तिथे नुक्त्याचा ऱ वापरावा लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट धरून ‘र’च्याच कळीवर आहे, मोबाइलच्या कळफलकावर ‘र’ दाबून धरून किंवा ‘र’च्या आसपास सापडतो. काही सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटतात. अशा वेळी शीर्षक इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून वर ठेवावे. फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्त, बालू, टिरो देवनागरी मराठी हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की त्याचा पाला होतो. उपशीर्षकांची एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये साठवताना यूटीएफ-८ निवडले नाही, तर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हे होऊन उभी राहते. वेळ लिहिताना सेकंदांनंतर टिंब नव्हे, स्वल्पविराम द्यावा लागतो. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी आणि ओळीत सहा-सात शब्द.

शिकायचे कुठून, हा प्रश्न मुलांवर सोडताना वाट मात्र दाखवावी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात गिंप, इंकस्केप, ऑडॅसिटी, ब्लेंडर अशा मुक्त सॉफ्टवेअरचे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि त्यांतल्या अनेकांना मराठी आवाज दिलेला आहे. ते पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ आणि उरलेल्या अर्ध्यात सॉफ्टवेअर ठेवून, थांबवत थांबवत करायचे असतात. आडवे पडून मोबाइलवर तीन पाठ बघितले तर हाती काही लागत नाही. यूट्यूबवर शोधताना ‘व्हिडिओ एडिटिंग कसे करावे’ असे शोधण्यापेक्षा अडलेली नेमकी गोष्ट, सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती लिहून शोधायला शिकवावे. आवृत्ती न पाहिल्यामुळे पाठात दिसणारे बटण आपल्या पडद्यावर नसते आणि मुलगा तिथेच अडतो. प्रत्येकाने एक वही ठेवावी. रोज चार ओळी: आज काय केले, कुठे अडले, काय करून पाहिले, कशाने सुटले. ही वही सत्राच्या शेवटी भरून आणता येत नाही, म्हणून शिक्षकाने दर आठवड्याला तारखेसह सही करावी. पुढच्या तुकडीला याच वह्या पाठ्यपुस्तकापेक्षा कामी येतात.

संगीत आणि परवानगी. सिनेमातले गाणे खाली लावू नये, हे मुलांना माहीत असते. अभंगाबद्दल मात्र गोंधळ असतो. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, स्वतः म्हणून रेकॉर्ड करावा. एखाद्या नामवंत गायकाने गायलेल्या अभंगाच्या ध्वनिमुद्रणावर १९५७ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीपासून ६० वर्षे हक्क असतो, शिवाय चालीचा हक्क वेगळा. देवळात चित्रण करण्याआधी देवस्थान समितीला विचारावे, गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवू नये. माणसाची संमती कॅमेऱ्यासमोर त्याच्याच तोंडून घेऊन ठेवावी. एक गोष्ट शिक्षकही विसरतात: पहिल्या वर्षाला असलेली काही मुले १७ वर्षांची असतात आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे. त्यांचे चेहरे असलेले काम महाविद्यालयाच्या पानावर टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी.

यंत्राने तयार केलेल्या आवाजाचे निवेदन पहिल्या वर्षी बंद ठेवावे. त्यात ‘चाक’, ‘जुना’, ‘झाड’ यांतले च, ज, झ पुष्कळदा हिंदी वळणाने येतात आणि मुलांच्या कानाला ते हळूहळू बरोबर वाटू लागते. आपला आवाज घोगरा आहे, हेल काढतो, तर काढू दे. संहितेसाठी यंत्राची मदत घेतली असेल तर काय विचारले आणि त्यातले काय ठेवले, ते वहीत लिहावे.

गुणांबद्दल आमचा आग्रह स्पष्ट आहे. शंभरातले तयार कामाला ३० पुरेत. करार आणि तो का बदलावा लागला याला १५, आठवड्याच्या वहीला २५, पहिल्या आणि दुसऱ्या खेपेतल्या फरकाला १०, तोंडी परीक्षेला २०. तोंडी परीक्षा प्रत्येकाची एकट्याची, आठ मिनिटांची. प्रोजेक्ट फाइल उघडून ठेवायची आणि विचारायचे: हा कट इथे का? हा आवाज कोणी घेतला? ही पातळी खाली ओढून दाखव. ज्याने हात लावलेला नाही तो पहिल्या मिनिटाला कळतो. २० जणांच्या तुकडीला २ तास ४० मिनिटे लागतात, लेखी पेपर तपासायला याहून जास्त लागतात.

महाविद्यालयांकडून यासाठी फार मागणे नाही. वीस जणांमागे तारेचे सात कॉलर माइक आणि तितकेच बंद कानांचे हेडफोन एवढी सामग्री पुरते. माइक हजार रुपयांच्या आत येतो. सॉफ्टवेअर सगळे फुकट. अडते ते वेळापत्रक. दोन-दोन तासांच्या प्रात्यक्षिकात डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात जाऊन काम करून परत येता येत नाही, म्हणून चवथीच्या आधीचे दोन आठवडे ही प्रात्यक्षिके जोडून चार तासांची करावीत. चवथीच्या सुट्टीत मूळ रेकॉर्डिंग, सुट्टीनंतरचे दोन आठवडे एडिटिंग, असा क्रम लावला तर सणही मिळतो आणि विषयही. आणि प्रयोगशाळा दुपारी कुलूप लावून बंद होते, ती आठवड्यातले निदान दोन दिवस संध्याकाळी सहापर्यंत उघडी असावी. ज्या मुलांकडे घरी संगणक नाही, त्यांच्यासाठी शिकायची तेवढीच जागा असते. सहानंतर गावाकडे जाणारी बस असते का, हे पाहून ते दोन दिवस ठरवावेत.

आपले,
महाविद्यालयांत माध्यमनिर्मितीची प्रात्यक्षिके घेणारे काही शिक्षक
फोंडा, गोवा